अडीच मिलिमीटरची तहान

एक हेक्टर रान आणि त्यावर एक मिलिमीटर पाऊस. एवढ्या पावसानं धुरळा बसत नाही. वाळत घातलेल्या मिरच्या उचलाव्यात की राहू द्याव्यात, असा प्रश्न पडेपर्यंत तो थांबतोसुद्धा. पण तोच लिटरमध्ये मोजला तर १०,००० लिटर भरतो, म्हणजे उन्हाळ्यात गावात येतो तो एक टँकर. हिशेब चौथीच्या पोराला जमेल असा आहे. चौरस मीटरभर जागेवर मिलिमीटरभर पाणी साचलं की एक लिटर होतं, आणि हेक्टरात असे १०,००० चौरस मीटर असतात.

आता हा हिशेब एका अख्ख्या गावाला लावू. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार घेऊ, कारण पाण्याचा ताळेबंद मांडणारं गाव म्हणून ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गावाचं क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर आणि वस्ती साधारण साडेबाराशे. तिथे एक मिलिमीटर पाऊस पडला की शिवारात ९७७ टँकर उतरतात. जलजीवन मिशनच्या निकषानं खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळायला हवं. साडेबाराशे माणसं, ५५ लिटर, ३६५ दिवस असा गुणाकार केला की उत्तर येतं अडीच कोटी लिटर. प्यायला, स्वयंपाकाला, आंघोळीला, धुण्याभांड्याला, सगळ्याला मिळून वर्षाचे अडीच कोटी. आणि एका मिलिमीटरला येतात ९८ लाख. म्हणजे गावाची वर्षभराची गरज अडीच-पावणेतीन मिलिमीटर पावसात भागते. चहा उकळेपर्यंत पडून जाणारी सर असते ही.

हा दुष्काळी पट्टा आहे, पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून बराच कमी. तरीही वरून येणारं पाणी घरगुती गरजेच्या दीडशे पट आहे. ३९० कोटी लिटर, किंवा जवळजवळ चार लाख टँकर, तेही एका गावाच्या हद्दीत. त्यासाठी ना डिझेल लागतं, ना टेंडर.

असं असताना मे २०१९ मध्ये राज्यात सहा हजारांहून जास्त टँकर धावत होते. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. सुरुवातीला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास झाल्या. पन्नास वाघिणींची ही ‘जलदूत’ गाडी एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी घेऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडायची. देशभरच्या वर्तमानपत्रांत तिचे फोटो छापून आले. त्या गाडीतलं सगळं पाणी म्हणजे २५ हेक्टर रानावर पडलेला १० मिलिमीटर पाऊस. पंधरा-वीस शेतकऱ्यांची रानं एकत्र केली की २५ हेक्टर होतात. तेवढ्या रानात जूनमधला एक बरा पाऊस पडून ओढ्यानं वाहून गेला की एक ‘जलदूत’ गाडी वाहून गेली म्हणायची.

पाणी कमी पडतं असं आपण म्हणतो. पडतं तसं पुष्कळ, पण ते थांबत नाही. चढावर पडलेला थेंब काही तासांत ओढ्याला लागतो, दोन दिवसांत तालुक्याबाहेर जातो आणि जाताना माती घेऊन जातो. त्याला अडवायचं, निदान त्याची चाल मंद करायची, हाच पाणलोटाच्या कामाचा गाभा. २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेनं नेमकं हेच काम गावजत्रेसारखं करून दाखवलं. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. दुसऱ्या वर्षी ३० झाले, तिसऱ्या वर्षी ७५, चौथ्या वर्षी ७६. मुदत ४५ दिवसांची, दुसऱ्या वर्षापासून ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे ऐन भाजून काढणाऱ्या उन्हातली. १ मेच्या महाश्रमदानाला शहरातले लोक गाड्या करून खेड्यात जायचे आणि हातात टिकाव घ्यायचे.

या कामातली सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे सलग समतल चर. डोंगरउताराला आडवी, एकाच पातळीवर खणलेली लांबच लांब चारी. ‘एकाच पातळीवर’ हे दोन शब्द वाचायला सोपे आहेत. रानात उतरल्यावर डोळ्यांवर विश्वास ठेवला की घात होतो. सपाट दिसणारा उतार सपाट नसतो. म्हणून दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधून तिच्यात पाणी भरतात. दोन्ही काठ्यांवरची पाण्याची रेष एकाच खुणेला आली की तिथे फक्की टाकायची, मग पुढचा माणूस पुढे सरकणार. याला हायड्रोमार्कर म्हणतात. सातवी-आठवीतल्या पोरींनी तो धरलेला असतो आणि आजोबा फक्की टाकत वाकलेले असतात. ही आखणी चुकली तर पाणी चरात पसरत नाही, एका टोकाला गोळा होतं, तिथली माती फोडतं आणि ज्यासाठी चर खणला ते सोडून नवीन घळ पाडून जातं.

आता घमेल्याकडे येऊ. एक घनमीटर चर खणला की हजार लिटर पाण्याची जागा होते. त्यातून निघणारी माती पावणेदोन टनांच्या घरात जाते. खणलेली माती फुगते, त्यामुळे घमेली मोजली तर शंभरेक भरतात, एकेक सोळा-सतरा किलोचं. मुरमाड जमिनीत सराव नसलेल्या माणसानं सकाळच्या तीन-चार तासांत एक घनमीटर काढला तर त्यानं कमाल केली म्हणायची. शहरातून आलेल्या बहुतेकांचं काम निम्म्यातच आटोपतं, कारण तळहाताला फोड आलेले असतात.

पलीकडे पोकलेन उभा असतो. त्याचं एक बकेट म्हणजे साधारण एक घनमीटर. एका माणसाची अख्खी सकाळ तो अर्ध्या मिनिटात उचलतो. जमलेल्या हजार माणसांचं काम एक यंत्र एका लांबलचक दिवसात उरकू शकतं. वॉटर कपमधलंही बरंचसं माप यंत्रांनीच भरलं, हे स्पर्धेत उतरलेलं कुठलंही गाव मोकळेपणानं सांगतं. मग एवढी माणसं उन्हात कशाला उभी करायची? हा टोमणा तेव्हाही मारला जायचा. त्याच्या उत्तरासाठी खोदणं संपल्यावर काय होतं ते पाहावं लागतं.

चरात साठलेल्या हजार लिटरला गिऱ्हाईक कोण आहे ते पाहा. पाच अश्वशक्तीचा पंप उघड्या विहिरीवरून तासाला १५,००० लिटर पाणी सहज काढतो. हजार लिटर उपसायला त्याला चार मिनिटं लागतात. एका माणसाची सकाळ, शंभर घमेली, पावणेदोन टन माती आणि हाताचे फोड, हे सगळं चार मिनिटांत पाटात. चर पावसाळ्यात पाच वेळा भरून जिरला, असं उदार मनानं धरलं तरी वीस मिनिटं. आठ तास वीज आली की एक पंप एका दिवसात १२० माणसांच्या सकाळीएवढं पाणी उचलतो. आणि गावात पंप एकच नसतो.

या हिशेबाची दुसरी बाजूही आहे, ती आपल्या पायाखाली. राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भागाखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पसरलेला आहे. हा दगड पाणी धरतो, पण कंजुषीनं. झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात शंभर लिटर जागेमागे वापरता येईल असं पाणी साधारण एक ते तीन लिटर, मधला आकडा घेतला तर दोन. त्याचा परिणाम गमतीदार आहे. २० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरलं तर विहिरीची पातळी २० मिलिमीटरनं वाढत नाही, एक मीटरनं वाढते, पन्नास पट. म्हणून श्रमदान केलेल्या गावात पहिल्या दोन-तीन पावसांतच कोरड्या विहिरी हात लागेल इतक्या वर येतात, ढोल वाजतात, बायका विहिरीची पूजा करतात. त्यात फसवणूक काहीच नाही, पाणी खरोखर वर आलेलं असतं. पण तेच गणित उलटंही चालतं. रानातून २० मिलिमीटर उपसलं की विहीर मीटरभर खाली. जुलैत डोळे दिपवणारी विहीर जानेवारीत तळ दाखवते ती याच पन्नास पटीमुळे. वर येताना जो खडक उदार वाटतो, तो खाली जाताना तितकाच निष्ठुर असतो.

आता शहराकडे वळू. तिथे हरित जीवनशैली वगैरे शब्द जास्त चालतात. पुण्यातली शंभर फ्लॅटची एक इमारत धरा. चारशे माणसं आणि हजार चौरस मीटर गच्ची. माणशी गच्ची येते अडीच चौरस मीटर, दोन सतरंज्या जेमतेम मावतील एवढी. हिवरे बाजारात माणशी ७,८०० चौरस मीटर आभाळ आहे. गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा थेंबन् थेंब पकडला, तरी माणशी १,७५० लिटर मिळतात. शहरी निकष दिवसाला १३५ लिटरचा. तेरा दिवस पुरतं. गच्चीवरचं पाणी बोअरमध्ये सोडणं चांगलंच आहे, करावं; पण उरलेले ३५२ दिवस ही इमारत दुसऱ्याच्या आभाळावर जगते. पुण्यासाठी ते आभाळ पानशेत-वरसगावच्या डोंगरांतलं, मुंबईसाठी शहापूर-मोखाड्याचं.

मुंबईचा आकडा तर घशात अडकतो. महापालिका दिवसाला साधारण ३८५ ते ४०० कोटी लिटर पाणी पुरवते. वर हिवरे बाजारच्या शिवारात वर्षभरात पडणारा सगळा पाऊस काढला होता, तो ३९० कोटी होता. तेवढं मुंबई एका दिवसात संपवते. मिनिटाचा हिशेब केला तर २७-२८ लाख लिटर, म्हणजे लातूरच्या पन्नास वाघिणींची एक गाडी दर मिनिटाला, रात्रंदिवस. भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्या कितीतरी पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते.

घरच्या घरी काय करता येतं? टपटपणाऱ्या नळाचं उदाहरण सगळेच देतात. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजारांच्या वर. वॉशर बदलावाच. पण सगळी चिंता नळावर खर्च करू नये, मोठे खर्च दुसरीकडेच आहेत. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की ८०-९० लिटर जातात, बादलीनं आंघोळ २० लिटरमध्ये होते. दहा लाख मुंबईकर शॉवरवरून बादलीवर आले तर दिवसाला सात कोटी लिटर वाचतील, म्हणजे २८ जलदूत गाड्या रोज. हे ऐकायला छान वाटतं. पण त्याच मुंबईत पुरवठ्याचा पाव हिस्सा, कदाचित त्याहून जास्त, गळती आणि चोरीत जातो. तो दिवसाला शंभर कोटी लिटरच्या आसपास भरतो, बादलीवाल्या दहा लाखांच्या बचतीच्या चौदा पट. हा फरक लक्षात न ठेवता नुसतं ‘थेंब थेंब वाचवा’ म्हणणाऱ्या फलकांचा मला कंटाळा येतो. बादली घ्यावी आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन फुटलेल्या जलवाहिनीबद्दल भांडावंही. दुसरं काम जास्त वेळखाऊ आहे, म्हणून फलकावर येत नाही.

नळातून न येणारं पाणी तर आपण मोजतच नाही. चहात दोन चमचे साखर घातली की दहा ग्रॅम होते. पाटपाण्यावरच्या उसाला हंगामात साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं, एकराला ८० लाख लिटर. एकरी ४० टन ऊस आणि त्यातून सव्वाचार-साडेचार टन साखर धरली, तर किलोमागे १,९०० लिटर येतात. कपातल्या दोन चमच्यांमागे १९ लिटर. म्हणजे चहात एक बादली पाणी विरघळलेलं असतं, आणि आंघोळीला वाचवलेलं त्याच दिवशी तीन-चार कपांत परत जातं. श्रमदानाच्या ठिकाणी तर दर दोन तासांनी चहा फिरतो, तो गोडच असतो. तीनशे माणसांच्या एका फेरीला तीन किलो साखर लागते. त्यामागे पावणेसहा हजार लिटर, म्हणजे सहा जणांची अख्खी सकाळ. खोदलेल्या चरातलं सहा घनमीटर पाणी पहिल्याच चहात गेलं! कोणी मनावर घेऊन चहा बंद करू नका, मग टिकावच हातात धरला जाणार नाही.

पण उसाचा हा आकडा गावाच्या हिशेबात टाकला की हसू मावळतं. हिवरे बाजाराएवढ्या शिवारात ४०० मिलिमीटर पाऊस पडला, त्यातलं आपोआप मुरणार किती? भूजलाच्या सरकारी हिशेबात बेसॉल्टला जातीप्रमाणे साधारण ७ ते १३ टक्के धरतात. दहा धरू. ३९ कोटी लिटर. आता उसाच्या २,००० मिलिमीटरमधून त्याच्यावर पडणारा पाऊस वजा केला, तर एकराला ६५ लाख लिटर विहिरीतून द्यावे लागतात. भागाकार केला की ६० एकर येतात. जवळजवळ २,४०० एकरांच्या शिवारात साठ एकर, अडीच टक्के जमीन, अख्ख्या गावाखाली मुरलेलं पाणी पिऊन टाकते. पाटानं दिलेल्या पाण्यातलं थोडं झिरपून परत जातं, ठिबक केलं तर गरज निम्म्याजवळ येते, हे धरलं तरी चित्र फारसं पालटत नाही. चार एकर ऊस विहिरीतून जेवढं ओढतो, तेवढ्यात साडेबाराशे माणसांचं वर्ष निघतं.

आता वॉटर कपचे आकडे पुन्हा काढू. २०१६ मध्ये ११६ गावांनी मिळून १,३६८ कोटी लिटरची साठवण क्षमता तयार केली, असं संस्थेनं जाहीर केलं होतं. पुढच्या वर्षीचा आकडा ८,२६१ कोटींचा, म्हणजे जवळजवळ तीन टीएमसी, दीड खडकवासला धरण. एकही माणूस विस्थापित न करता दीड धरण उभं राहिलं, ही छोटी गोष्ट नव्हे. पण २०१६ चा आकडा गावागणिक वाटला तर सरासरी ११.८ कोटी लिटर येतात. दीड महिना राबलेलं गाव, दुखलेल्या पाठी, यंत्रांचं डिझेल, सगळं त्यात आलं. हे पाणी एकदा पूर्ण भरलं आणि सगळंच्या सगळं मुरलं, तर त्यावर अठरा एकर ऊस निघतो. एकोणिसावा एकर कोरडा.

म्हणून वर सोडलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे की, घमेली वाहणारी माणसं खड्ड्यासाठी नसतातच. खड्डा पोकलेन करतो. पण हाताला फोड आलेला माणूस नंतर ग्रामसभेत बसला की त्याला ‘अमक्यानं चारशे फुटांची बोअर मारली’ हे ऐकवत नाही. हिवरे बाजारनं पाणलोटाची कामं केलीच, पण त्याच्या जोडीला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आणली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं, आणि ऊस-केळीला फाटा दिला. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. मधल्या तीस वर्षांत त्या गावानं जे टिकवलं त्यातलं खोदकाम सगळ्यात सोपं होतं. पाणी फाउंडेशननंही २०१९ नंतर वॉटर कप थांबवून ‘समृद्ध गाव स्पर्धा’ घेतली, तिच्यात पाण्याचा ताळेबंद आणि पिकांची निवड आली. पुढे फार्मर कप आला, शेतकऱ्यांच्या गटांचा. फावड्याकडून पिकाकडे जाणं आकड्यांच्या दृष्टीनं अटळच होतं.

हिवरे बाजारात ताळेबंदाची बैठक पावसाळा सरल्यावर होते. पर्जन्यमापकाची वर्षभराची बेरीज समोर असते, विहिरींची पातळी मोजलेली असते. आधी माणसांचं पाणी बाजूला काढतात, ते अडीच-पावणेतीन मिलिमीटरचं. मग जनावरांचं. हजार जनावरं आणि प्रत्येकी ५० लिटर धरले तर त्यांना दोन मिलिमीटरच्या आत पुरतं. दोन्ही मिळून पाच मिलिमीटरही होत नाहीत, आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. मग रब्बीचा विषय निघतो. पाऊस कमी झालेला असला तर गहू नको, ज्वारी-हरभरा घ्या, असं सांगितलं जातं. कांदा किती एकर लावायचा यावर आवाज चढतात. बैठक त्यापुढे किती वेळ चालेल, ते त्या वर्षीच्या पावसावर ठरतं.